थंडरबर्डमध्ये दिवसभराच्या नोंदींचे रिमाइंडर कधी येतात, कधी येत नाहीत : कारण कसे शोधावे?

काळाकोट (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार. मी साताऱ्याला एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात काम करते. कार्यालयातल्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि ईमेलसाठी आम्ही थंडरबर्ड वापरतो, १४० मालिकेतली आवृत्ती. न्यायालयाच्या तारखा आणि मुदती थंडरबर्डच्याच कॅलेंडरमध्ये नोंदवतो. हे कॅलेंडर नेक्स्टक्लाउड या सर्व्हरवर आहे आणि कॅलडॅव्हने, म्हणजे कॅलेंडर सर्व्हरशी जुळते ठेवण्याच्या पद्धतीने, जोडलेले आहे, त्यामुळे सरांच्या घरच्या संगणकावरही तेच दिसते.

अडचण अशी आहे की काही नोंदींचे रिमाइंडर येतात, काहींचे येत नाहीत, आणि यात मला काहीच सूत्र सापडत नाही. संध्याकाळी ६ वाजता अशील भेटायला येणार असतील तर पावणेसहाला खिडकी उघडते, आवाज होतो, सगळे व्यवस्थित होते. मुदतींच्या नोंदी मात्र आम्ही 'ऑल डे', म्हणजे दिवसभराच्या टाकतो आणि त्यांना १ दिवस आधीचा रिमाइंडर लावतो. हे रिमाइंडर कधी सकाळी संगणक सुरू केल्यावर समोर येतात, तर कधी येतच नाहीत.

मागच्या आठवड्यात यातून मोठा घोळ होता होता राहिला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली दाखल केलेले कॅव्हेट, म्हणजे आमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा न्यायालयाकडे केलेला अर्ज, ९० दिवस टिकते आणि त्यानंतर ते नव्याने दाखल करावे लागते. एका अशिलाच्या कॅव्हेटचा ९० वा दिवस उलटून गेला आणि आमच्या लक्षात आले ते तिसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याच कामासाठी फाइल काढली म्हणून. मधल्या काळात विरुद्ध पक्षाने काही दाखल केले नव्हते, म्हणून निभावले. दाखल केले असते तर आमचे म्हणणे ऐकले जाण्याआधीच एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकला असता, आणि अशिलाला मी काय तोंड दाखवले असते ते मला अजूनही सुचत नाही. नोंद कॅलेंडरमध्ये होती, तारीख बरोबर होती, रिमाइंडर लावलेला होता; तरी तो आला नाही.

थंडरबर्ड काढून पुन्हा टाकून पाहिले, संगणक बंद-चालू करून पाहिला, काही फरक पडला नाही. नेमके कुठे पाहावे, कृपया सांगावे.

तासकाटा, सोमवार, रात्री ९.४०

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून सिस्टिम आणि त्याखाली नोटिफिकेशन्स इथे जा आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिले आहे का ते पाहा. ते ठरावीक वेळेत, किंवा प्रोजेक्टरला पडदा जोडल्यावर, किंवा एखादा प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर चालू असताना आपोआप सुरू होईल असे नियमही तिथेच असतात. विंडोज १० मध्ये याच सोयीचे नाव 'फोकस असिस्ट' होते. माझ्या ओळखीत निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या आहेत.

पाणवठा, सोमवार, रात्री १०.२५

तासकाटा, सूचना चांगली आहे, पण या तक्रारीला ती लागू पडेल असे मला वाटत नाही, आणि कारण सांगतो. थंडरबर्डमध्ये नवी ईमेल आल्यावर कोपऱ्यात जी पट्टी येते ती वेगळी आणि रिमाइंडरची खिडकी वेगळी. ही खिडकी थंडरबर्ड स्वतः उघडते, विंडोजच्या सूचनाकेंद्रातून ती येत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असले तरी ती उघडते. शिवाय धागाकर्तींनीच लिहिले आहे की वेळ घातलेल्या नोंदींचे रिमाइंडर येतात. दोष विंडोजमध्ये असता तर दोन्ही प्रकारचे अडले असते.

काळाकोट, आपण आधी तीन ठिकाणे तपासा. पहिले ठिकाण म्हणजे सेटिंग्जमधला कॅलेंडर विभाग. तिथे रिमाइंडरची वेळ झाल्यावर खिडकी दाखवावी का, आवाज करावा का, आणि 'शो मिस्ड रिमाइंडर्स फॉर रायटेबल कॅलेंडर्स', म्हणजे ज्या कॅलेंडरमध्ये लिहिता येते त्यांचे चुकलेले रिमाइंडर नंतर दाखवावेत का, अशा खुणा आहेत. तुमच्या दृष्टीने ही शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची आहे. दुसरे ठिकाण म्हणजे डावीकडच्या यादीत त्या कॅलेंडरच्या नावावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'. तिथे 'शो रिमाइंडर्स' अशी खूण प्रत्येक कॅलेंडरसाठी स्वतंत्र असते, आणि ती काढलेली असेल तर बाकीचे सगळे बरोबर असूनही त्या कॅलेंडरचा एकही रिमाइंडर वाजत नाही. त्याच खिडकीत 'रीड ओन्ली' ही खूणही पाहून ठेवा. तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष ती नोंद. नेहमीसाठी म्हणून ठरवलेला रिमाइंडर फक्त पुढे तयार होणाऱ्या नोंदींना लागतो, जुन्या नोंदींना मागाहून लागत नाही. बाहेरून आयात केलेल्या फाइलमध्ये रिमाइंडर नसेल तर तोही आपोआप चिकटत नाही.

काळाकोट, सोमवार, रात्री ११.०५

तिन्ही ठिकाणे पाहिली. कार्यालयाच्या संगणकाशी घरून जोडून घेतले आहे, म्हणून लगेच उत्तर देता येत आहे. खिडकी, आवाज आणि चुकलेले रिमाइंडर या तिन्ही खुणा चालू आहेत. कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शो रिमाइंडर्स' चालू आहे, 'रीड ओन्ली' बंद आहे. कॅव्हेटची जी नोंद चुकली ती उघडून पाहिली, तिच्यावर '१ दिवस आधी' असा रिमाइंडर स्पष्ट दिसतो.

ओसरी, मंगळवार, सकाळी ७.३०

दिवसभराच्या नोंदीला वेळ नसते असे आपण समजतो, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिला वेळ असते आणि ती वेळ मध्यरात्रीची असते. नोंद २० तारखेची असेल तर ती २० तारखेच्या ०० वाजून ०० मिनिटांनी सुरू होते. त्यामुळे '१५ मिनिटे आधी' म्हणजे १९ तारखेच्या रात्री पावणेबारा, आणि '१ दिवस आधी' म्हणजे १८ तारीख संपून १९ तारीख लागते तो क्षण. त्या वेळी तुमच्या कार्यालयात कोणीही नसते, संगणक बंद असतो. म्हणजे तुमच्या मुदतींचा एकही रिमाइंडर वेळेवर वाजू शकत नाही. जो सकाळी दिसतो तो चुकलेला रिमाइंडर असतो आणि थंडरबर्ड सुरू होताना तो मागाहून दाखवला जातो. अशील येण्याचा रिमाइंडर मात्र दिवसा, संगणक चालू असताना, त्या क्षणी वाजतो. तुमच्या दोन प्रकारच्या नोंदींमधला फरक हा आहे.

काही चुकलेले दिसतात आणि काही दिसत नाहीत याचा उलगडा यातून होत नाही, हे मान्य. पण शोध या बाजूने पुढे जायला हवा.

काळाकोट, मंगळवार, सकाळी ८.१०

मध्यरात्रीचा हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मनापासून आभार.

दिंडीदरवाजा, मंगळवार, सकाळी ११.२०

मी आउटलुकची जुनी, क्लासिक आवृत्ती वापरतो आणि मलाही रिमाइंडर न येण्याचा त्रास आहे. इथेच विचारलेले चालेल का? माझ्याकडे दोन खाती आहेत, एकाच्या कॅलेंडरचे रिमाइंडर येतात आणि दुसऱ्याचे येत नाहीत.

तासकाटा, मंगळवार, दुपारी १२.०५

दिंडीदरवाजा, थोडक्यात उत्तर देतो म्हणजे मूळ विषय भरकटणार नाही. क्लासिक आउटलुक मुख्यतः ठरवून दिलेल्या डेटा फाइलच्या मुख्य कॅलेंडरचे रिमाइंडर वाजवते. दुसऱ्याने तुमच्याशी वाटलेल्या कॅलेंडरचे वाजवत नाही. तुमची कोणती डेटा फाइल मुख्य म्हणून ठरलेली आहे ते अकाउंट सेटिंग्जमध्ये पाहा. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड या वाटेने गेल्यावर रिमाइंडरच्या खुणा मिळतात. 'मागे पडलेल्या नोंदींचे रिमाइंडर आपोआप काढून टाका' अशी एक खूण तिथे आहे, ती चालू असेल तर उशिरा संगणक उघडणाऱ्याला काहीच दिसत नाही. रिमाइंडरची साठवण बिघडली असावी असे वाटले तर आउटलुक पूर्ण बंद करा, विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून रन खिडकी उघडा आणि आउटलुक डॉट ईएक्सई, मग एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून क्लीनरिमाइंडर्स, असे टाइप करा. त्याने जुनी साठवण पुसून नव्याने तयार होते. यापुढचे कृपया वेगळ्या धाग्यात विचारावे.

जाता जाता एक गोष्ट. आउटलुक दिवसभराच्या नोंदीला १८ तास आधीचा रिमाइंडर स्वतःहून लावत आले आहे. मध्यरात्रीपासून १८ तास मागे गेले की आदल्या दिवशीची सकाळचे ६ ही वेळ येते. ओसरी यांनी सांगितलेलाच प्रश्न तिथे अशा रीतीने हाताळला आहे.

पाणवठा, मंगळवार, रात्री ८.४५

काळाकोट, ओसरी यांच्या उत्तराने निम्मे काम झाले. आता उरलेल्या निम्म्यासाठी मला दोन गोष्टी हव्या आहेत. सरांच्या घरच्या संगणकावरही थंडरबर्डच आहे का, आणि दोन्ही संगणक सर्व्हरवर एकाच नावाने प्रवेश करतात का? शिवाय ज्या दिवशी कार्यालयात रिमाइंडर दिसला आणि ज्या दिवशी दिसला नाही अशा काही तारखा आठवून पाहा, आणि त्या दिवशी सर कुठे होते तेही लिहा.

काळाकोट, मंगळवार, रात्री १०.३०

घरीही थंडरबर्डच आहे, मीच बसवून दिले आहे. दोन्हीकडे कार्यालयाचे एकच लॉगिन आहे.

तारखा काढायला वेळ लागला. आमचे कारकून रोज सकाळी पावणेदहाला संगणक उघडतात, आणि रिमाइंडर आला की त्यांच्या वहीत तारखेसह टिपतात. ती वही आज त्यांच्याकडून मागून घेतली. गेल्या दोन महिन्यांत मुदतींच्या ११ नोंदी होत्या. त्यांपैकी ४ रिमाइंडर वहीत आहेत, ७ नाहीत. सरांची प्रवासाची वही शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला धक्काच बसला. जे ४ आले त्या चारही दिवशी सर उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला गेलेले होते. जे आले नाहीत त्या सातही दिवशी ते साताऱ्यात होते.

म्हणजे सरांच्या असण्याशी याचा संबंध आहे. पण कसा, हे मला समजत नाही.

पाणवठा, मंगळवार, रात्री ११.१०

मला जे वाटत होते त्याला या वहीने दुजोरा दिला. पण अंदाजावर न थांबता पुरावा पाहू या. कॅलेंडरच्या नावावर उजवे बटण दाबून 'एक्स्पोर्ट कॅलेंडर' निवडा आणि आयसीएस फाइल साठवा. ती नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, ती साध्या अक्षरांची फाइल असते. त्यात चुकलेल्या कॅव्हेटच्या नोंदीचे शीर्षक शोधा आणि त्या नोंदीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय ओळी आहेत ते इथे लिहा. अशिलाचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक मात्र कृपया लिहू नका.

काळाकोट, बुधवार, सकाळी ९.५५

शोधले. नोंद 'बिगिन व्हीइव्हेंट' या ओळीने सुरू होते आणि 'एंड व्हीइव्हेंट' या ओळीने संपते. मधे शीर्षक आहे, आणि 'डीटीस्टार्ट' या ओळीत फक्त तारीख आहे, वेळ नाही. त्याच्या आत 'बिगिन व्हीअलार्म' ते 'एंड व्हीअलार्म' असा छोटा तुकडा आहे, त्यात 'अ‍ॅक्शन' या शब्दापुढे 'डिस्प्ले' आणि 'ट्रिगर' या शब्दापुढे 'उणे पी १ डी' असे आहे. हा १ दिवस आधीचा रिमाइंडर असावा असा माझा समज.

याशिवाय एक ओळ अशी आहे जिचा अर्थ मला लागला नाही. तिचे नाव एक्स-मोझ-लास्टॅक असे आहे. तिच्यापुढे बरोबर आदल्या दिवसाची तारीख आहे, तिला जोडून टी हे अक्षर, मग ००११४० हे आकडे आणि शेवटी झेड हे अक्षर. म्हणजे रात्री १२ वाजून ११ मिनिटे का? त्या वेळी कार्यालयाला कुलूप असते आणि सरांच्या घरीही सगळे झोपलेले असतात.

पाणवठा, बुधवार, सकाळी १०.२०

हीच ती ओळ.

शेवटच्या झेडचा अर्थ ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली आहे असा होतो. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. ०० वाजून ११ मिनिटे ४० सेकंद यांत साडेपाच तास मिळवा. पहाटेचे ५ वाजून ४१ मिनिटे ४० सेकंद होतात. त्या वेळी सर काय करत असतात?

काळाकोट, बुधवार, सकाळी १०.३२

सर पहाटे पाचला उठतात. चहा झाला की घरच्या संगणकावर ईमेल पाहतात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. आता मी त्यांना फोन करून विचारले. ते म्हणाले, सुरू केल्या केल्या मधोमध एक खिडकी येते, ती 'डिसमिस ऑल' दाबून मी घालवतो आणि मग ईमेल वाचतो, मुदतींचे तर कार्यालयात कळतेच.

पाणवठा, बुधवार, सकाळी ११.४५

सरांचा यात काही दोष नाही, आणि सॉफ्टवेअरचाही नाही. काय घडते ते सविस्तर लिहितो, कारण कॅलेंडर वाटून वापरणाऱ्या कोणत्याही कार्यालयात, सोसायटीत किंवा घरात हेच घडू शकते.

रिमाइंडर ही सर्व्हरकडून येणारी हाक आहे असा बहुतेकांचा समज असतो. थंडरबर्डमध्ये उघडणाऱ्या खिडकीच्या बाबतीत प्रत्यक्षात तसे नसते. सर्व्हरवर फक्त नोंद आणि तिच्या आतला व्हीअलार्मचा तुकडा असतो, म्हणजे 'अमुक इतके आधी आठवण करा' एवढी चिठ्ठी असते. ही मांडणी आयकॅलेंडर या प्रमाणाची आहे. ते १९९८ मध्ये पहिल्यांदा आले आणि २००९ मध्ये सुधारून आरएफसी ५५४५ या क्रमांकाने पुन्हा प्रसिद्ध झाले. चिठ्ठी वाचून घंटा वाजवण्याचे काम ज्या त्या संगणकावरचे सॉफ्टवेअर करते. दोन संगणकांवर तेच कॅलेंडर असेल तर घंटा वाजवणारे दोघे असतात आणि चिठ्ठी मात्र एकच असते.

आता घंटा वाजल्यावर माणूस 'डिसमिस' दाबतो. तो रिमाइंडर पाहून झाला हे थंडरबर्डला कुठेतरी लिहून ठेवावे लागते, नाहीतर पुढच्या वेळी सुरू केल्यावर तीच खिडकी पुन्हा येईल. ते लिहिले जाते नोंदीच्याच आत, एक्स-मोझ-लास्टॅक या ओळीत, आणि लिहिली जाते ती डिसमिस दाबल्याची वेळ. नोंद बदलली म्हणून ती सर्व्हरवर जाते आणि तिथून बाकीच्या संगणकांवर उतरते. एकच माणूस दोन संगणक वापरत असेल तर ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण घरी पाहिलेला रिमाइंडर पुन्हा कार्यालयात त्रास देत नाही. दोन माणसे वापरत असतील तर मात्र एकाने पाहिले की दुसऱ्यानेही पाहिले असे धरले जाते.

तुमच्याकडे पावणेदहाला थंडरबर्ड सुरू झाले की ते प्रत्येक नोंदीचा रिमाइंडर कोणत्या वेळेचा होता ते पाहते. मध्यरात्रीची वेळ तर उलटून गेलेली असते, म्हणून तो चुकलेला ठरतो. मग लास्टॅक पाहिले जाते. ते रिमाइंडरच्या वेळेनंतरचे असेल तर हा कोणीतरी पाहिलेला आहे असे समजून तो दाखवला जात नाही. मध्यरात्र आधी, पहाटे ५.४१ नंतर, म्हणून तुमच्या कॅव्हेटचा रिमाइंडर गप्प राहिला. सर मुंबईला गेले की डिसमिस कोणी दाबत नाही, आणि तो तुम्हाला दिसतो. अशिलांच्या भेटीचा रिमाइंडर तुमच्याकडे त्या क्षणी वाजतो, म्हणून त्याला हा अडथळा येत नाही.

कारकुनांच्या वहीला माझा नमस्कार सांगा. ती नसती तर आपण अजून सेटिंग्जच उघडत बसलो असतो.

ओसरी, बुधवार, दुपारी १.१५

हे स्पष्टीकरण वाचून माझाही एक जुना प्रश्न सुटला. आमच्या घरी आईच्या औषधांचे कॅलेंडर आम्ही दोघी बहिणी वापरतो. मी स्नूझ केलेली, म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा आठवण कर असे सांगितलेली खिडकी कधी कधी माझ्या डोळ्यांसमोरून निघून जायची. बहिणीने तिच्याकडे डिसमिस दाबले की पुढच्या रिफ्रेशला तो बदल माझ्याकडे येत असणार.

पाणवठा, बुधवार, दुपारी १.४०

होय, तेच. कॅलेंडर दर किती मिनिटांनी ताजे व्हावे हे प्रॉपर्टीजमध्ये ठरवलेले असते, त्या हिशेबाने थोडा वेळ मागे-पुढे होतो. औषधांसाठी ही व्यवस्था ठेवू नका. दोघींची स्वतंत्र कॅलेंडरे करा, नोंदी दोनदा टाकाव्या लागल्या तरी चालेल.

तासकाटा, बुधवार, दुपारी ३.००

मग सरांना वेगळे लॉगिन देऊन त्यांच्याशी हे कॅलेंडर केवळ वाचण्यापुरते वाटले तर? त्यांना लिहिताच येणार नाही, म्हणजे लास्टॅकही लिहिले जाणार नाही.

पाणवठा, बुधवार, दुपारी ३.३५

लास्टॅक लिहिले जाणार नाही हे खरे. पण मग सरांना रिमाइंडर मिळायचेच बंद होतील. एकतर नेक्स्टक्लाउड केवळ वाचण्यापुरत्या वाटलेल्या कॅलेंडरमधून व्हीअलार्मचा तुकडा काढूनच नोंद पुढे देते. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरने तो दिला तरी थंडरबर्ड चुकलेले रिमाइंडर फक्त लिहिता येणाऱ्या कॅलेंडरचे दाखवते, ती खूण आपण सोमवारी पाहिलीच. सरांना मुदतींचे रिमाइंडर नकोच असतील तर हा मार्ग चांगला आहे. हवे असतील तर नाही.

लॉगिन वेगळे देऊन लिहिण्याचा अधिकारही दिला तर काहीच बदलत नाही, कारण लास्टॅक नोंदीत असते, माणसाच्या खात्यात नसते. हे मुद्दाम लिहितो, कारण पहिला उपाय म्हणून तोच सुचतो.

वहिवाट, बुधवार, सायंकाळी ५.१०

मीही याच व्यवसायात आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या अ‍ॅपमध्ये सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळालेला स्वतंत्र क्रमांक टाकून प्रकरणे जतन केली की पुढच्या तारखा तिथे दिसतात. कॅलेंडरवर इतके अवलंबून राहण्याची गरज आहे का, असे वाटते.

काळाकोट, बुधवार, सायंकाळी ६.२०

तारखांसाठी आम्हीही ते अ‍ॅप वापरतो आणि ते उपयोगी आहे. पण न्यायालयाने दिलेली तारीख वेगळी आणि आपण पाळायची मुदत वेगळी. कॅव्हेटचे ९० दिवस, जिल्हा न्यायालयात अपील करायचे ३० दिवस, उच्च न्यायालयातले ९० दिवस, लेखी म्हणण्याचे ३० दिवस, या मुदती आपणच मोजून कुठेतरी लिहून ठेवायच्या असतात. अशिलाचा हक्क बुडतो तो बहुधा इथे, म्हणून मला हे कॅलेंडर चोख हवे आहे.

पाणवठा, बुधवार, रात्री ९.३०

तर मग माझा सल्ला असा. मुदतींच्या नोंदी दिवसभराच्या ठेवू नका. कार्यालय नक्की उघडे असेल अशी वेळ त्यांना द्या. लास्टॅक ही डिसमिसची वेळ असते, आणि तिच्या नंतरच्या वेळेचा रिमाइंडर तिने दाबला जात नाही. सरांनी पहाटे ५.४१ ला काहीही दाबले तरी सकाळी सव्वादहाचा रिमाइंडर तुमच्याकडे वाजणारच, कारण तो तेव्हा व्हायचा असतो. दिवसभराचीच नोंद ठेवायची असेल तर रिमाइंडरमध्ये 'कस्टम' निवडून ८२५ मिनिटे आधी असे टाका. मध्यरात्रीपासून पावणेचौदा तास मागे गेले की आदल्या दिवशीचे सव्वादहा होतात. एका नोंदीला एकाहून जास्त रिमाइंडर लावता येतात, म्हणून संध्याकाळचाही एक लावून ठेवा.

याला एक मर्यादा आहे. कार्यालयाचा संगणक एखाद्या दिवशी साडेदहाला उघडला आणि सरांनी १०.१६ ला डिसमिस दाबले असेल, तर पुन्हा तीच गत होईल. म्हणून ज्या मुदती चुकल्या तर भरून येत नाहीत त्यांच्यासाठी स्वतंत्र कॅलेंडर करा आणि सरांच्या संगणकावर त्या एकाच कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमधली 'शो रिमाइंडर्स' ही खूण काढा. ही खूण त्या त्या संगणकापुरती असते, सर्व्हरवर जात नाही. सरांना नोंदी दिसत राहतील, खिडकी मात्र येणार नाही. अर्थात हे सरांना विचारूनच करावे.

थंडरबर्डची खिडकी बंद केली की विंडोजवर ते पूर्ण थांबते, आणि थांबलेले थंडरबर्ड काहीच वाजवू शकत नाही, हेही कार्यालयात सर्वांना सांगून ठेवा. खिडकी नको असेल तर ती बंद न करता छोटी करावी. लिनक्सवरच्या एव्होल्यूशन या ईमेल-कॅलेंडरच्या प्रोग्रॅममध्ये रिमाइंडर वाजवणारा भाग मागे स्वतंत्र चालतो, त्यामुळे मुख्य खिडकी बंद असली तरी आठवण येते. थंडरबर्डचे तसे नाही. संगणक निद्रावस्थेत गेला असेल तरी हीच गोष्ट.

काळाकोट, शनिवार, सायंकाळी ७.००

सगळे करून पाहिले, म्हणून निकाल लिहिते.

गुरुवारी सरांना हा धागा दाखवला. त्यांनी पाणवठा यांचे सविस्तर उत्तर दोनदा वाचले आणि स्वतःच म्हणाले की मुदतींचे कॅलेंडर वेगळे करा आणि माझ्याकडची खूण काढा, मला तारखांचे रिमाइंडर पुरे आहेत. 'मुदती' या नावाचे नवे कॅलेंडर केले आणि ३४ नोंदी एकेक करून त्यात हलवल्या. प्रत्येकीला वेळ दिली, आदल्या दिवशी सकाळी सव्वादहा आणि सायंकाळी पावणेसहा असे दोन रिमाइंडर लावले, आणि कॅव्हेटच्या नोंदींना शिवाय १ आठवडा आधीचा तिसराही लावला. हलवताना दोन नोंदींना रिमाइंडरच नाही असे आढळले. त्या मी जुन्या फाइलमधून आयात केल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे सरांनी नेहमीप्रमाणे संगणक उघडला. तारखांची खिडकी आली ती त्यांनी डिसमिस केली, मुदतींची आली नाही. इकडे मी कारकुनांच्या शेजारी बसून राहिले होते. सव्वादहाला खिडकी उघडली, आवाज झाला, त्यात एका लेखी म्हणण्याची सोमवारची मुदत होती. शनिवार-रविवार मधे येतात म्हणून तिचा रिमाइंडर शुक्रवारचा लावला होता. कारकुनांनी ती वहीत टिपली. फाइल एक्स्पोर्ट करून पाहिली तेव्हा त्या नोंदीतले लास्टॅक, साडेपाच तास मिळवल्यावर, १० वाजून १७ मिनिटांचे निघाले, म्हणजे आमच्याच हातचे.

कॅव्हेट मागच्या आठवड्यातच नव्याने दाखल केले आहे. वहीची पद्धतही आम्ही चालूच ठेवणार आहोत. पाणवठा, ओसरी आणि तासकाटा, आपण तिघांनी माझ्यासाठी वेळ काढलात, मी ऋणी आहे.

पाणवठा, शनिवार, रात्री ८.१५

आनंद झाला. शनिवार-रविवारची गोष्ट तुमच्या लक्षात आली हे फार चांगले, माझ्याकडून ती लिहायची राहिली होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या मुदतींना, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीतही, तशीच वेळ द्या.